जुन्या हाकेला जुनं उत्तर

तिला घरात सगळे चौकशी म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी दारात कोणीही येवो, दूधवाला, वीजमीटर वाचणारा, नाहीतर पत्ता चुकलेला परका माणूस, ही फ्रॉकची कड मुठीत धरून पुढे व्हायची आणि विचारायची, "तुम्ही कोण? कुठून आलात? किती वेळ थांबणार?" आलेला माणूस हसायचा, आई कपाळाला हात लावायची. "आली आमची चौकशी," वडील म्हणायचे, आणि ते तिला असं चिकटलं की दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं.

मोठेपणी तिने तोच धंदा केला असं म्हणायला हरकत नाही. नोकरी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होती. मुलांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करायची, तुटलेले कीबोर्ड बदलायचे, उन्हाळ्यात पंख्यांतली धूळ काढायची. पण तिचं खरं काम घरी चाले, आणि ते सगळं फुकटचं. जगात कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा म्हणून उघडा ठेवलेला एक लहानसा कोड ती सांभाळत होती. एखाद्या प्रोग्रॅमला आपण कुठल्या यंत्रावर चाललो आहोत ते कळत नसेल, तर या कोडने त्याच्या वतीने यंत्राला विचारायचं. तुझी ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? आवृत्ती कितवी? मेमरी किती? कधीपासून चालू आहेस? आणि आलेलं उत्तर नीटनेटकं करून त्या प्रोग्रॅमच्या हातात द्यायचं. बस.

ऐकायला हे पोरखेळ वाटतं. पण यंत्रांचेही स्वभाव असतात. एक सिस्टिम विचारल्याबरोबर नाव सांगून मोकळी होते. दुसरी म्हणते, अमुक फाइल उघड आणि वाचून घे. तिसरी एवढं पाल्हाळ लावते की त्यातून कामाचा शब्द वेचून काढावा लागतो. कधीपासून चालू आहेस असं विचारलं तर एक जण सेकंद मोजून सांगते, दुसरी नुसती सुरू झाल्याची वेळ सांगते, वजाबाकी तुमची तुम्ही करा. मेमरीचं तर विचारूच नका. रिकामी जागा एकीच्या हिशेबी रिकामी, तर दुसरी तिथे पुढच्या कामाचं सामान आणून ठेवते आणि जागा भरली आहे म्हणून सांगते. या सगळ्यांच्या नाना तऱ्हा चौकशीला तोंडपाठ होत्या. लॅबमधून भंगारात निघालेली यंत्रं ती मागून घरी आणी आणि गॅलरीत प्लॅस्टिकखाली मांडून ठेवी. आई त्यांच्यामधून वाट काढत कपडे वाळत घालायची आणि पुटपुटायची. तसं पाहिलं तर थोरल्या भावाची, दादाची, खोली रिकामी होती. पण तिथे ठेवू का, हे आईला विचारायची चौकशीची छाती झाली नाही.

या कामात तिचा एक साथीदार होता. दूर कुठल्यातरी देशात राहायचा, दोघांची गाठ कधी पडली नव्हती. नावाच्या जागी त्याने खारीचं चित्र लावलेलं, म्हणून ती त्याला खार म्हणे. त्या दोघांचं पहिलं भांडण एका नियमावरून झालं होतं. एखादी सिस्टिम उत्तरच देत नसेल तर काय करायचं? खार म्हणाला, बहुतेकांचं जे असतं ते धरून चालू, दहातल्या नऊ वेळा बरोबरच येईल. चौकशीने ऐकलं नाही. माहीत नसेल तर जागा रिकामी सोडायची, पण आपल्या तोंडून खोटं जाता कामा नये. शेवटी खारीने हात टेकले आणि हा नियम कोडच्या पहिल्याच पानावर जाऊन बसला.

हा हट्ट तिच्यात कुठून आला हे सांगायला ज्योतिषी नको. तिचे वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. हातात पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी हिंडायचे. दुकानदारांनी चहा पुढे केला तर आधी काटा तपासायचे आणि मग चहाही प्यायचे नाहीत. घरी आले की चौकशीला जवळ बसवून सांगायचे, "काट्याला समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा." दादाला या गोष्टींचा कंटाळा. तो उठून जायचा. पुढे तो ट्रक चालवायला लागला, लांब लांबच्या फेऱ्या करायला लागला, आठ आठ दिवस बाहेर असायचा. वडील रोज संध्याकाळी विचारायचे, "आला का?" आणि आई सांगायची, "फेरीवर आहे. येईल."

मग एका फेरीवरून तो आला नाही. रस्त्याच्या कडेला ट्रक नीट उभा केलेला होता, दिवेसुद्धा बंद केले होते आणि हा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. झोपला आहे असं वाटून लोक बराच वेळ शेजारून जात राहिले. छातीत कळ आली असणार, डॉक्टर म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

वडिलांनी तेव्हा सगळं उभं राहून केलं. रडलेसुद्धा नाहीत. पण त्यानंतर त्यांच्यातलं काहीतरी सुटत गेलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग शेजाऱ्याचं नाव, मग जेवण झालं की नाही ते. आणि एका संध्याकाळी चौकशी कामावरून घरी आली, चपला काढत होती, तर वडील खुर्चीतून म्हणाले, "दादा आला का गं?"

ती एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली. आई स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली आणि म्हणाली, "फेरीवर आहे. येईल." वडिलांनी मान हलवली, पण नजर चौकशीवरच ठेवली. ते तिला विचारत होते.

"बाबा, दादा गेला," ती म्हणाली. "मागच्या वर्षी गेला."

त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते सांगू नये. एखाद्याला पहिल्यांदा कळतं तसंच कळलं त्यांना. "कसा?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. बराच वेळ ते खुर्चीचा हात धरून हुंदके देत राहिले आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाले, "मी होतो का त्याला पोचवायला?"

"होतात. तुम्हीच सगळ्यांच्या पुढे होतात."

"मग मला आठवत कसं नाही? बाप आहे मी त्याचा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं.

चौकशी पुन्हा खरं बोलली. तिच्या मनाशी एक हिशेब होता. कुठेतरी वाचलं होतं की अशा माणसाला आपण वास्तवाशी धरून ठेवलं पाहिजे, आणि ज्या माणसाने जन्मभर कुणाच्या हातचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही त्याला आपण फसवायचं, हे तिला महापाप वाटे. आपले बाबा कितीही विसरोत, त्यांनी विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर मिळण्याचा त्यांना हक्क आहे, असं ती आईला म्हणाली. आईने ऐकून घेतलं. आई तशी भांडणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी पोळपाट धुता धुता तिने नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तुझं खरं तुझ्याजवळ ठेव. एकच तर मुलगा होता ह्यांना. त्याला रोज संध्याकाळी किती वेळा मारणार आहेस तू?"

चौकशीने हट्ट सोडला नाही. वडील तरी कमी का? दिवसभर आईच्या अवतीभवती असायचे, तिला चुकूनही विचारायचे नाहीत. चौकशी दारात आली की मात्र पहिला प्रश्न तोच. जणू खात्रीचा काटा एवढा एकच उरला होता घरात.

त्याच दिवसांत कोडमध्ये तिने एक मोठी बाजी मारली होती. एका बड्या कंपनीची सिस्टिम सरळ सरळ खोटं बोलायची. जुन्या प्रोग्रॅमने आवृत्ती विचारली की ती आपला नवा आकडा लपवायची आणि कितीतरी वर्षांपूर्वीचा जुना सांगायची. चौकशीच्या कोडने विचारलं तरी तेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरेच आठवडे खटपट करून तिने आडवाट शोधून काढली. त्या सिस्टिमच्या पोटात जिथे खरा आकडा लिहिलेला असतो तिथूनच तो थेट वाचायचा. आता कोणीही विचारो, खरंच उत्तर मिळेल. खारीने कौतुक केलं, अनोळखी लोकांनी आभार मानले. चौकशीने त्या संध्याकाळी वडिलांना सांगितलं, "बाबा, आज एक खोटा काटा पकडला." वडील प्रसन्न हसले. मग म्हणाले, "दादा आला का?"

कोडची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि काही दिवसांनी एक तक्रार आली. लिहिणारी बाई भरतकामाचा कारखाना चालवत होती. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि सुयांची एक मोठी जुनी मशीन. त्या मशीनला नक्षी समजावणारा प्रोग्रॅम तितकाच जुना होता आणि चौकशीच्या कोडला विचारून तो चालायचा. कोड नवा झाला आणि प्रोग्रॅमला पहिल्यांदा खरा आकडा ऐकू आला. एवढा मोठा आकडा त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. ही सिस्टिम मला माहीत नाही, असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. मशीन बंद पडली, कामाला येणाऱ्या बायका घरी बसल्या.

चौकशीने तिला कोरडं उत्तर दिलं. आमचा आकडा खरा आहे. चूक तुमच्या प्रोग्रॅमची आहे, तो दुरुस्त करून घ्या.

बाईचं उत्तर लगेच आलं. "दुरुस्त करणारा वारला. त्याच्यामागे कोणाला ते काम येत नाही. हा प्रोग्रॅम आता काही नवीन शिकायचा नाही. त्याला जुना आकडा सांगितला की तो अजूनही सुंदर काम करतो. ती सिस्टिम त्याला खोटं सांगत नव्हती हो, सांभाळून घेत होती."

त्याखाली खारीने एकच ओळ लिहिली होती. "मला वाटतं ती बरोबर आहे, पण निर्णय तुझा."

चौकशीला राग आला. मग राग गेला आणि नुसतंच काहीतरी टोचत राहिलं. पुढचे कित्येक दिवस ती त्या तक्रारीला हात लावेना. लॅबमध्ये मुलं आवाज देत आणि हिचं लक्ष नसे. सांभाळून घेत होती, हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. ती रोज संध्याकाळी घरी यायची, चपला काढायची, वडील विचारायचे आणि ती खरं सांगायची. त्यांचा चेहरा तसाच व्हायचा. "मी होतो का त्याला पोचवायला?" हा प्रश्नही तसाच यायचा, त्याच स्वरात. यातून त्यांच्यापाशी काही साठत नव्हतं. आपण वास्तवाशी धरून ठेवतो म्हणजे नेमकं काय धरून ठेवतो, हे तिला कळेनासं झालं. खरा आकडा तेवढा घरात घुमत राहायचा आणि म्हातारा माणूस त्याच्याखाली रोज नव्याने चिरडला जायचा.

एका सुट्टीच्या सकाळी तिने गॅलरीत बसून कोड बदलला. बदल लहान होता. जुन्या पद्धतीने हाक आली तर जुनं उत्तर द्यायचं, जे ऐकायची त्या प्रोग्रॅमला सवय आहे ते. नव्या पद्धतीने विचारणाऱ्याला खरं सांगायचं. विचारणारा कोण आहे आणि त्याला काय पेलतं हे बघून उत्तर द्यायचं, एवढंच. पहिल्या पानावरच्या नियमाखाली तिने या अपवादाची ओळ लिहिली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आई शेजारी उशांचे अभ्रे वाळत घालत होती. तिने विचारलं, "काय झालं गं?" चौकशी म्हणाली, "काही नाही. हरले." आईने ओला हात तिच्या पाठीवरून फिरवला आणि पुढचा अभ्रा झटकला. कारखान्याची मशीन सुरू झाल्याचं बाईने दुपारीच कळवलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, मुद्दाम वेळ लावला. वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंगात धुतलेला सदरा होता, आईने केस विंचरून दिले होते. त्यांनी मान वळवली.

"दादा आला का गं?"

चौकशी त्यांच्या पायाशी येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांना खोटं सांगणार होती. शाळेत नापास झाली तेव्हाही तिने खोटं सांगितलं नव्हतं. "फेरीवर आहे, बाबा," ती म्हणाली. "येईल."

आवाज जमला असं तिला वाटलं. आत आईच्या हातातलं भांडं क्षणभर थांबलं आणि पुन्हा वाजू लागलं.

वडील तिच्याकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांची नजर निवळत गेली. ही नजर तिच्या ओळखीची होती. दुकानाच्या काउंटरपाशी वाकून ते काटा बघायचे तेव्हा अशी असायची. कितीतरी महिन्यांत ती दिसली नव्हती. पकडली गेले, तिला वाटलं, आता ते रागावतील.

ते रागावले नाहीत. स्वयंपाकघराकडे एकदा बघून ते पुढे झुकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "शहाणी आहेस. आईसमोर असंच सांगत जा. पोरगा गेलेला तिला अजून सहन होत नाही."

चौकशीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"मी पोचवलं त्याला," वडील म्हणाले. "पुढे मीच होतो. तिला नेलं नव्हतं. तिला वाटतं तो यायचाय. वाटू दे. तुला मुद्दाम विचारतो मी, तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला धीर येईल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू खोटं बोलत नाहीस हे तिला माहीत आहे ना."

मग त्यांचा हात डोक्यावरून घसरला. ते खिडकीबाहेर बघू लागले, समोरच्या घरात कोणीतरी पडदे बदलत होतं ते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आपलं जेवण झालं का?"

तिने हे आईला सांगितलं नाही. काय सांगणार? आई बाबांसाठी म्हणून खोटं बोलत आली आणि बाबा आईसाठी म्हणून विचारत आले, निदान ज्या दिवशी कळत होतं त्या दिवशी तरी. मग जे दिवस तिने त्यांना खरं सांगून रडवलं, त्यातले किती दिवस त्यांना आधीच माहीत होतं? आणि माहीत असताना ते हुंदके देत होते ते आईला हे ऐकावं लागलं म्हणून का? हे कुठल्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ती अंथरुणावर पडून सारखी तेच उलटसुलट करत राहिली.

पुढची संध्याकाळ झाली. चौकशी घरी आली. वडील खिडकीपाशीच होते, नजर पुन्हा गढूळ, सदऱ्याचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलेलं. आज कोण बसलं आहे खुर्चीत, माहीत असलेला की नसलेला, हे तिने नीट निरखून बघितलं आणि तिला ओळखता आलं नाही.

"दादा आला का गं?" ते म्हणाले.

आत नळ वाहत होता, तो बंद झाला. आई ऐकत होती.

"फेरीवर आहे, बाबा," चौकशी म्हणाली. "येईल."

"बरं," ते म्हणाले. आणि मग स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणाले, "बरं. येऊ दे सावकाश."